चौरसातून न निघणारी होडी

बालशिक्षणावरच्या शोधप्रबंधात कागदकामाचा विषय आला की पुढचं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं. एक तर ‘कागदाच्या घड्या ही फ्रोबेलची बालशिक्षणाला देणगी आहे’, नाही तर ‘कागदी खेळणी ही आपली प्राचीन परंपरा आहे’. दोन्ही वाक्यं सोयीची आहेत. पहिल्याला पाठ्यपुस्तकाचा आधार मिळतो, दुसऱ्याला टाळ्या. पण आपल्या सगळ्यांच्या हातातली जी कागदाची होडी आहे, तिच्यापुढे ही दोन्ही वाक्यं टिकत नाहीत, असं माझं मत आहे. का, ते सांगतो. विषय छोटा आहे, पण एखाद्या वस्तूचा इतिहास लिहायला घेतल्यावर कुठली साधनं धरायची आणि कुठल्या साधनावर किती विसंबायचं, याचा सराव त्यातून चांगला होतो.

आधी हातात कागद घ्या. नुसतं वाचून पुढे जाऊ नका.

ए-फोर कागद उभा धरा. रुंदी 210 मिलिमीटर, लांबी 297. वरची कड खालच्या कडेवर आणून कागद अर्धा करा. आता उंची राहिली 148.5. घडीच्या बाजूचे दोन्ही कोपरे मधल्या रेषेवर खाली आणा. जो त्रिकोण होतो तो 105 मिलिमीटर खाली उतरतो, म्हणजे रुंदीच्या बरोबर निम्मा, आणि त्याच्याखाली 43.5 मिलिमीटरची पट्टी उरते. ही पट्टी पुढून-मागून वर दुमडली की टोपी झाली. टोपी पोटातून उघडून दुसऱ्या अंगाने चपटी केली की चौकोन होतो. त्याची बाजू पुन्हा 105. खालची टोकं वर घेतली, परत उघडलं, दोन्ही बाजूंची टोकं धरून ओढलं, की होडी.

आता हेच चौरस कागदावर करून बघा. 200 बाय 200 चा कागद अर्धा केला की उंची 100. कोपरे खाली आणले की त्रिकोण उतरतो 100. पट्टी उरते शून्य! टोपीला काठच नाही. कोपरे अडकवायला काही नाही म्हणून हात सोडला की घडी सुटते. म्हणजे आपली पावसातली होडी अशी थेट चौरसातून निघतच नाही. तिला लांबट कागद लागतो. वहीचं पान, वर्तमानपत्राचं पान, जुन्या दिनदर्शिकेचं पान.

हे महत्त्वाचं का, तर फ्रोबेलच्या घडीकामाचा मुख्य क्रम चौरस कागदावर उभा आहे.

फ्रीड्रिश फ्रोबेल (1782–1852) यांनी 1837 मध्ये जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी संस्था सुरू केली आणि 1840 मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं. बी.एड.च्या नोट्समध्ये ‘देणग्या’ आणि ‘व्यवसाय’ अशी जोडी आपण पाठ केलेली असते. देणग्या म्हणजे चेंडू, ठोकळे वगैरे, जे खेळून झाल्यावर पुन्हा होते तसे डब्यात जातात. व्यवसाय म्हणजे ज्यात साहित्याचं रूप बदलतं: विणणं, टोचणं, माती, आणि घड्या घालणं. चौरसाचे चारही कोपरे मध्यबिंदूशी आणायचे, उलटं करून पुन्हा आणायचे, मग त्यातून चार टोकांचं बोटांत अडकवून उघडमीट करायचं खेळणं, भिरभिरं, टेबल, जोडहोडी असं एकातून एक निघत जातं. फ्रोबेलच्या लेखी यात तीन प्रकारची रूपं होती. रोजच्या जगातल्या वस्तूंसारखी दिसणारी जीवनरूपं, चांदण्या-फुलांसारखी समतोल सौंदर्यरूपं, आणि अर्धा, पाव, कोन, कर्ण दाखवणारी ज्ञानरूपं. एकाच कागदातून तिन्ही निघतात, आणि मुलाने एकातून दुसऱ्यात जावं, हा सगळा डाव होता. जोडहोडी ही त्या घरातली होडी. आपली होडी त्या घरातली नाही. तिचा जन्म चौरसावर झालेलाच नाही.

मग ती ‘आपली प्राचीन’ का? तेही म्हणता येत नाही. साक्रोबोस्को नावाच्या मध्ययुगीन विद्वानाच्या खगोलग्रंथाची एक आवृत्ती 1490 मध्ये व्हेनिसला छापली गेली. तिच्यातल्या एका चित्रात पाण्यावर अगदी अशीच दिसणारी होडी आहे. ती कागदाचीच आहे का, यावर घड्यांचे अभ्यासक अजून भांडतात. पण जॉन वेब्स्टरच्या ‘द डचेस ऑफ माल्फी’ या 1623 मध्ये छापलेल्या नाटकात पोरं माशा कोंडायला कागदाच्या डब्या करतात असा सरळ उल्लेख आहे. म्हणजे फ्रोबेलच्या दोनशे वर्षं आधी युरोपातली मुलं कुठल्याही गुरूशिवाय घड्या घालत होती. फ्रोबेलने घड्या शोधल्या नाहीत. त्याने पोरांचा खेळ उचलला, त्याला चौरसाच्या शिस्तीत बसवलं आणि क्रम दिला. त्याचं श्रेय त्या क्रमाचं आहे, आणि ते मोठं आहे. ‘देणगी’ हा शब्द वापरून आपण नेमकं तेच पुसून टाकतो.

आपल्याकडे या क्रमाचं काय झालं, हे बघायला एक पुस्तक हाताशी आहे. ते प्रत्येक शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याने वाचावं, आणि चिकित्सकपणे वाचावं. टी. सुंदर राव यांचं इंग्रजी पुस्तक, ‘जिओमेट्रिक एक्झरसायझेस इन पेपर फोल्डिंग’, मद्रास, 1893. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी 1895 च्या आपल्या व्याख्यानांच्या पुस्तकात त्याचा उल्लेख केला. ते पुस्तक इंग्रजीत आणणाऱ्या बेमन आणि स्मिथ या अमेरिकन प्राध्यापकांनी त्या उल्लेखावरून राव यांचं पुस्तक मिळवलं आणि 1901 मध्ये शिकागोहून संपादित आवृत्ती काढली. मद्रासमध्ये छापलेलं पुस्तक जर्मनीमार्गे अमेरिकेत गेलं आणि आज आपण बहुतेक ती अमेरिकन आवृत्ती वाचतो. (उद्धृत करताना कुठली आवृत्ती ते लिहा. चित्रं आणि संपादकांचे फेरफार यामुळे फरक पडतो.)

प्रस्तावनेत राव सांगतात की कल्पना सुचली ती किंडरगार्टनच्या ‘देणगी क्रमांक आठ’ वरून. तिच्यात रंगीत चौरस कागद 200, घडी दाबायची पट्टी, आकृत्या आणि सूचना. एका बाजूने घोटीव कागद. आपण हस्तकलेच्या तासाला दुकानातून आणायचो तोच की! पण इथे जरा थांबा. फ्रोबेलच्या मांडणीत घडीकाम हा व्यवसाय आहे, देणगी नाही. मग ‘देणगी क्रमांक आठ’ आली कुठून? शालेय साहित्य विकणाऱ्यांनी व्यवसायांच्या पेट्यांनाही सरसकट देणगी म्हणून क्रमांक लावले, आणि हे क्रमांक विक्रेत्यागणिक बदलत. यावरून माझा तर्क असा की राव यांना फ्रोबेल भेटला तो ग्रंथातून नव्हे, विकत घेतलेल्या पेटीतून. संशोधनात अशा बारीक खुणा सोडू नयेत. विचार एका देशातून दुसऱ्या देशात कसा गेला याचं उत्तर कधीकधी तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात नसतं, मालाच्या यादीत असतं.

पुस्तक म्हणून ते विलक्षण आहे, यात शंका नाही. आणि राव यांची सुरुवात मला सगळ्यात आवडते. पेटीतला तयार चौरस ते घेत नाहीत. वेडावाकडा कागद घेऊन घडीने सरळ कड कशी मिळवायची, तिच्याशी काटकोन कसा काढायचा, आणि त्यातून चौरस कसा कापायचा, इथपासून ते सुरू करतात. तिथून समभुज त्रिकोण, पंचकोन, षट्कोन, श्रेढी, शेवटी शंकुच्छेद आणि इतर वक्र. साधनं म्हणाल तर चाकू आणि कागदाचे तुकडे. गरीब शाळेला याहून स्वस्त भूमिती मिळणार नाही.

पण टीका करायची तर इथेच करायला हवी. राव यांचं मूल कुठे आहे? बालवाडी प्रस्तावनेत येते आणि तिथेच राहते. पंचकोनापर्यंत पोचेपर्यंत वाचक शाळेच्या वरच्या वर्गात गेलेला असतो, शंकुच्छेदाला तो कॉलेजात असतो. होडी नाही, पक्षी नाही, टोपी नाही. फ्रोबेलच्या तीन रूपांपैकी राव यांनी ज्ञानरूप उचललं आणि बाकीची दोन पेटीत ठेवून दिली. याला मी त्यांचा दोष म्हणणार नाही. त्यांना भूमितीचं पुस्तक लिहायचं होतं, ते त्यांनी लिहिलं. दोष आहे तो या पुस्तकाला ‘भारतातल्या बालशिक्षणातल्या कागदकामाचा आरंभ’ म्हणणाऱ्यांचा. ते भूमितीच्या अध्यापनाच्या इतिहासातलं पुस्तक आहे.

वर्गांत मात्र उलट झालं. तिथे जीवनरूप उरलं आणि ज्ञानरूप गेलं. बालवाडीत होडी करतात, ‘होडी कशावर चालते?’ असं विचारतात, भिंतीवर चिकटवतात. घडी घालताना अर्धा, मग अर्ध्याचा अर्धा होत असतो, त्याकडे कुणी बोट दाखवत नाही. सौंदर्यरूपाची तर पताका झाली. फ्रोबेलने जे एका कागदात बांधलं होतं ते तीन खात्यांत वाटलं गेलं: गणित, परिसर, सजावट. माझ्या मते या घडीच्या इतिहासात सांगण्यासारखी मुख्य गोष्ट हीच आहे. अरविंद गुप्ता यांच्यासारख्या माणसांनी कागदाच्या खेळण्यातून पुन्हा विज्ञान-गणिताकडे वाट काढली. पण ती मुख्यतः शाळेच्या वयाच्या मुलांपर्यंत पोचते. तीन ते सहा वयाचं काय, हा प्रश्न शिल्लकच.

या फाटाफुटीत एका मोठ्या नावाचाही हात आहे का, हे तपासायला हवं. मारिया मॉन्टेसरी यांनी आपल्या पद्धतीच्या पहिल्या ग्रंथात (इटालियन 1909, इंग्रजी 1912) फ्रोबेलच्या हस्तव्यवसायांची चांगलीच झडती घेतली आहे. पुठ्ठ्यावरचं विणणं-शिवणं त्यांनी मुलांच्या डोळ्यांना न झेपणारं म्हणून नाकारलं. कागदाच्या घड्यांबद्दल त्यांचं म्हणणं असं की तो हाताचा व्यायाम आहे, काम नव्हे. हा भेद त्यांच्यासाठी पायाभूत होता. कामातून जगात उपयोगी काहीतरी उभं राहतं, व्यायामातून फक्त हात तयार होतो. रुमालाची घडी घालणं मॉन्टेसरीच्या वर्गात चालतं, कारण रुमाल खरा आहे. होडी खोटी.

मला हा निवाडा पटत नाही. भर पावसात दारापुढच्या ओहोळात होडी सोडणाऱ्या पोराला विचारा ती खोटी आहे का. (आमच्या नगरकडे पर्जन्यछाया. ओहोळ वाहणारे दिवस मोजकेच, त्यामुळे होडी बरीचशी फरशीवरच चालते. ‘पाऊस आणि होडी’ हे बालपणाचं चित्र कोकणाचं, बंगालचं. ते सगळीकडे पसरलं ते पुस्तकांतून.) पण निवाडा पटो न पटो, त्याचा परिणाम शोधायला हवा, कारण मराठी बालशिक्षणाची मुख्य वाट मॉन्टेसरीकडून आली. गिजुभाई बधेकांचं बालमंदिर भावनगरला 1920 मध्ये निघालं. त्यांनी आणि ताराबाई मोडकांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापला. ताराबाईंनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथे मिळाल्या, आणि 1957 पासून कोसबाड. या मंडळींनी मॉन्टेसरी जशीच्या तशी घेतली नाही. त्यांनी गोष्टी घेतल्या, गाणी घेतली, आदिवासी मुलांच्या हाताशी असलेली पानं, बिया, शिंपले, दगड घेतले. मग कागदाची घडी? ती मॉन्टेसरीच्या निवाड्यासोबत मागे पडली, की ताराबाईंच्या मोकळेपणामुळे परत आत आली? एवढा एकच प्रश्न धरून ‘शिक्षणपत्रिके’चे जुने अंक चाळले तरी एम.फिल.-वजा एक प्रकरण होईल.

आता केडगाव. मी नगरजवळच्या केडगावचा, म्हणून हा भाग जरा आपुलकीने लिहितोय, पण त्यात सावधगिरीचा मुद्दा आहे. बालशिक्षणाच्या इतिहासात ‘केडगाव’ शोधलं की नाव येतं पंडिता रमाबाईंचं. ते केडगाव आमचं नव्हे. ते दौंड तालुक्यातलं, पुणे-दौंड रेल्वेमार्गावरचं, मुक्ती मिशनचं. आमचं केडगाव नगर शहराला चिकटलेलं, रेणुकामातेचं. जुन्या इंग्रजी कागदांत नुसतं गावाचं नाव असतं. जिल्हा, तालुका, रेल्वे स्टेशन ताडून पाहिल्याशिवाय त्यावर वाक्य बांधू नका. आता जिल्ह्याचं नावही अहिल्यानगर झालंय, त्यामुळे शोधताना दोन्ही नावं लावावी लागतात.

रमाबाईंचं प्रकरण मात्र आपल्या विषयाच्या अगदी मध्यावर आहे, आणि कागदकामाच्या इतिहासात ते कुणी आणत नाही. 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि पुढे 1888 पर्यंत अमेरिकेत राहिल्या. त्या काळात त्यांनी किंडरगार्टन पद्धतीचं रीतसर शिक्षण घेतलं. 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. म्हणजे राव यांच्या पुस्तकाच्या चार वर्षं आधी फ्रोबेलची पद्धत स्वतः शिकलेली एक मराठी बाई मुलींची शाळा चालवत होती. रमाबाईंचा अभ्यास धर्मांतर, विधवाप्रश्न, बायबलचं भाषांतर या अंगांनी भरपूर झाला. त्यांच्या हातातल्या चौरस कागदाकडे कोण बघतंय? राव गणिताच्या कपाटात, रमाबाई स्त्री-अभ्यासाच्या, ताराबाई शिक्षणशास्त्राच्या. तीन कपाटं एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून घडीचा इतिहास ‘फ्रोबेलची देणगी’ या एका वाक्यात आटोपतो.

आमच्या नगरलाही शोधण्यासारखं आहे. अमेरिकन मराठी मिशनचं काम इथे 1831 पासून, सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळा 1839 पासून, ‘ज्ञानोदय’ इथेच 1842 मध्ये निघाला. मिशनचे वार्षिक अहवाल छापील आहेत. या शाळांचा आरंभ किंडरगार्टनच्या लाटेच्या आधीचा, म्हणून 1880 नंतरचे अहवाल नेमके वाचायचे: साहित्याची मागणी, कागद, रंगीत कागद, प्रशिक्षित शिक्षिका असे शब्द शोधायचे.

आणि कागदाचंही बघा. जुन्नरचा हातकागद, दौलताबादजवळच्या कागझीपुऱ्याचा कागद, हे दप्तराचे आणि पोथीचे कागद. ते पोरांच्या हाती होडी करायला मिळत असतील असं मला वाटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गिरणीचा स्वस्त कागद आला, ‘केसरी’सारखी (1881) वर्तमानपत्रं घराघरात गेली, शाळेत वह्या आल्या, तेव्हा लांबट कागद रद्दी म्हणून उरायला लागला. महाराष्ट्रात होडी मुलांच्या हाती सर्रास आली ती तेव्हा, असा माझा तर्क आहे. खोडायचा असेल तर त्याआधीचा एक स्पष्ट उल्लेख दाखवला की झालं. पण हे खरं असेल तर एक गंमत होते. फ्रोबेलचा चौरस आणि रद्दीची लांबट होडी आपल्याकडे साधारण एकाच सुमाराला आले, एक वर्गाच्या दारातून, दुसरी घराच्या. बालवाडीत त्यांची गाठ पडली आणि होडी जिंकली.

ती कशी जिंकली, हे कुठल्याही अहवालात नाही. ते बाईंच्या हातात आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली. सुरुवातीच्या वर्षांत लागलेल्या अंगणवाडी सेविका आता निवृत्त आहेत, काहीजणी राहिल्या नाहीत. त्यांनी पोषण आहाराच्या नोंदी ठेवल्या, वजनाचे तक्ते भरले, पण कुठली घडी कुठल्या घडीनंतर शिकवली याची नोंदवही कधी नव्हती. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचा पायाभूत स्तर 2022 मध्ये आला. आता छापील कृतिपत्रिका आणि मोबाईलवरचे व्हिडिओ येतील, आणि वीस वर्षांनी सगळ्या जिल्ह्यांत एकच होडी, एकाच क्रमाने होत असेल. म्हणून हा विषय घ्यायचा तर आत्ता.

मुलाखतीला जाताना प्रश्नावली नेऊ नका, किंवा न्या पण आधी काढू नका. ‘तुम्ही कागदकामातून कोणत्या संकल्पना शिकवत होता?’ असं विचारलंत की बाई तुम्हाला प्रशिक्षणात ऐकलेलं उत्तर देतील. तीन कागद समोर ठेवा: एक वहीचं पान, एक वर्तमानपत्राचा तुकडा, एक घोटीव चौरस. म्हणा, बाई, पोरांना जे करून द्यायचात ते करा. कुठला कागद आधी उचलला ते बघा. पहिली घडी मधोमध की कोपरा कोपऱ्यावर, कड नखाने दाबली की तळहाताने, हातासोबत तोंडाने काय म्हणत होत्या. ‘अर्धं कर’ म्हणाल्या की ‘मिटव’, की ‘पोळीसारखी घडी घाल’. घडीच्या पोळीची घडी ज्या हाताने घालतात त्याच हाताने त्या होडीची घडी घालत असतील तर तो धागा फ्रोबेलपर्यंत जात नाही, स्वयंपाकघरापर्यंत जातो, आणि मग आपल्याला चौथं कपाट उघडावं लागेल. घातलेल्या घड्या टाकून देऊ नका. उलगडून, मागे तारीख आणि गाव लिहून, सपाट ठेवा. आणि पान आडवं धरलं होतं की उभं, तेही लिहून ठेवा.